गडी बाद, डाव बाकी

खो-खोत संरक्षणाला उतरलेली खेळाडू कधी ना कधी बाद होणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. तीन-तीन जणींची तुकडी मैदानात येते. समोरच्या संघाच्या आठ जणी एकआड एक उलट दिशांना तोंडं करून बसलेल्या, नववी मागे लागलेली. तिला मधला पट्टा ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की उलटं फिरता येत नाही. धावणारीला मात्र बसलेल्यांच्या मधून हवं तसं निसटता येतं. तरीही ती बहुतेक वेळा सापडतेच. दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्या नावापुढे छापून येते ती वेळ: 1 मिनिट 50 सेकंद, 2 मिनिटं 10 सेकंद. किती टिकली, एवढंच. आणि धापा टाकत बाहेर आल्यावर जाणता प्रशिक्षक तिला विचारतो ते ‘बाद का झालीस’ असं नसतं. ‘सापडलीस कुठं’ असं असतं. खांबाजवळ? साखळीतली नागमोडी धाव मोडताना? की हूल देण्याआधीच पाय वळला होता?

धाराशिव जिल्ह्याला हा खेळ चांगलाच मानवला आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्या आधीची मोठी खेळाडू सारिका काळे. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खो-खोच्या वाट्याला तब्बल 22 वर्षांनी आलेला. पुरस्कार जाहीर झाल्यावर तिने पत्रकारांना सांगितलं होतं की जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवत होती. तेराव्या वर्षी मामा-काकांच्या बोटाला धरून मैदानावर जाणाऱ्या मुली खेड्यापाड्यांत काही कमी नसतात. सारिकालाही घरातल्याच एकाने मैदान दाखवलं. आई शिवणकाम करायची, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिरात.

व्याख्यानांत ही गोष्ट सांगतात तेव्हा ‘तिने कधीच हार मानली नाही’ हे वाक्य हमखास येतं. मला ते खटकतं. 2016 मध्ये घरच्या आर्थिक ओढाताणीपायी सारिकाने खेळ सोडायचं ठरवलं होतं, हे तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनीच सांगितलेलं आहे. तिची समजूत काढावी लागली, मग ती मैदानावर परतली. पुढे क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरी लागली, तुळजापूरला नेमणूक झाली आणि पोटाची चिंता मिटली. म्हणजे जिद्द होती, पण जिद्द थकल्यावर दार ठोठावणारं माणूसही होतं आणि नंतर पगारही होता. या प्रकरणात आपल्याला कॉलेजातल्या मुलामुलींविषयी बोलायचं आहे आणि ही तीनही कलमं लक्षात ठेवायची आहेत. कारण ‘ग्रोथ माइंडसेट’ या नावाने बाजारात जे विकलं जातं त्यात बहुधा पहिलंच कलम असतं.

मूळ कल्पना साधी आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी अनेक वर्षं मुलांचं निरीक्षण करून असं मांडलं की स्वतःच्या बुद्धीविषयी माणसाची एक समजूत असते. काहींना वाटतं, बुद्धी जन्मतः ठरून आलेली असते; परीक्षा म्हणजे ती मोजायचा काटा. काहींना वाटतं, ती वापराने घडते; परीक्षा म्हणजे आजचा मुक्काम. ही दुसरी समजूत म्हणजे ग्रोथ माइंडसेट. 2006 साली त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक आलं आणि ही कल्पना जगभर गेली. पण त्याआधीचा, 1998 चा एक प्रयोग जास्त बोलका आहे. क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. ती जमल्यावर काहींना म्हटलं, ‘हुशार आहेस’, तर काहींना म्हटलं, ‘मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी. ‘मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली मुलं आधीपेक्षा पुढे गेली. ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मागे पडली. एवढंच नाही, आपले गुण लिहून कळवायला सांगितल्यावर हुशार ठरवलेल्यांपैकी जवळपास 40 टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. हुशारीचा शिक्का बसला की तो राखायला खोटं बोलावं लागतं.

हे वाचताना मला आपल्या चौकातले दहावीच्या निकालानंतरचे फ्लेक्स आठवतात. वर नेत्यांचे फोटो, खाली कोपऱ्यात मुलीचा पासपोर्ट आकाराचा फोटो, टक्केवारी दशांश चिन्हासकट. या फ्लेक्सवरची मुलं जूनअखेर अकरावीसाठी लातूरला जातात. परीक्षेच्या घोटीव तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नचा दबदबा शेजारच्या जिल्ह्यावर असणार हे उघडच आहे. पण त्यामुळे धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा इथल्या कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून एक वाक्य बसलेलं असतं: जे जायचे ते गेले, आपण राहिलेले. वय सोळा. आणि गंमत म्हणजे गेलेल्यांचीही सुटका नसते. गावात पहिला आलेला मुलगा लातूरच्या तुकडीत मधल्या बाकावर जाऊन पडतो आणि पहिल्या चाचणीनंतर घरी फोन करायचं टाळतो. शिक्का चांगला असो की वाईट, शिकण्याच्या आड दोन्ही येतात.

जिल्ह्याचंही असंच झालेलं आहे. ‘मागास’ हा शब्द इथल्या माणसांनी इतका ऐकला की त्याचं काही वाटेनासं झालं. तो मागासपणा आला कुठून? 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, त्याचं माध्यम उर्दू. मराठी घरातल्या मुलाला गणिताआधी भाषेचा डोंगर. त्या काळात लोहारा भागातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली, तिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर 1958 मध्ये आलं. आज त्या विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवला आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झालं. ज्या घरात आजोबांनी अंगठा उठवला त्या घरातली नात आज वनस्पतिशास्त्राची जर्नल लिहिते आहे. मधल्या काळात त्या घराची बुद्धी बदललेली नाही. शाळा जवळ आली.

2018 मध्ये केंद्र सरकारने उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि हा, असे चारच. योजनेच्या यशापयशावर वाद घालता येईल, पण तिची मोजपट्टी मला आवडते. नीती आयोग या जिल्ह्यांची एक क्रमवारी काढतो ती ‘डेल्टा’ म्हणजे फरकावर: तुम्ही कुठे आहात यापेक्षा मागच्या वेळेपासून किती पुढे सरकलात. जिल्ह्याला ही सवलत मिळते. त्याच जिल्ह्यातल्या बीएस्सीच्या मुलीला 28 गुणांवरून 39 वर आल्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण पासिंग 40 ला आहे.

आता थोडं थांबून या कल्पनेची किंमत किती ते पाहू, कारण ती फुगवून सांगायची सवय फार झाली आहे. 2018 मध्ये तोपर्यंतच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा परिणाम क्षीण निघाला. गरीब घरांतल्या मुलांना मात्र थोडा जास्त उपयोग होत असावा असं दिसलं. इंग्लंडमध्ये शंभरेक प्राथमिक शाळांत घेतलेल्या चाचणीत गुणांवर काहीच फरक आढळला नाही. 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अमेरिकेतला अभ्यास सर्वांत काटेकोर मानला जातो. नववीची सुमारे 12,000 मुलं, तासाभराहूनही कमी वेळाचं ऑनलाइन सत्र आणि मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत 4 पैकी सुमारे 0.1 ची वाढ. तासाभराच्या मानाने हे चांगलं, पण चमत्कार नव्हे. शिवाय जिथे वर्गातली बाकीची मुलं अवघड गोष्टीला हात घालायला बिचकत नव्हती, तिथेच तो परिणाम नीट टिकला.

कॉलेजसाठी त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास महत्त्वाचा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातले विज्ञान-गणिताचे 150 प्राध्यापक आणि त्यांच्या वर्गातले 15,000 विद्यार्थी. ज्या प्राध्यापकांना वाटत होतं की बुद्धी बदलत नाही, त्यांच्या वर्गात सगळ्यांचेच गुण कमी होते आणि कृष्णवर्णीय व इतर वंचित गटांतल्या मुलांचं इतरांपासूनचं अंतर दुपटीने जास्त होतं. मुलांची समजूत दुरुस्त करायला निघालेल्यांनी आधी स्टाफरूममध्ये डोकवावं. पहिल्याच तासाला ‘इथून दोन-चार जण पास झाले तरी खूप’ असं म्हणणाऱ्या सरांपुढे भिंतीवरच्या सुविचाराचं काही चालत नाही.

दुसरा घोटाळा मेहनतीचा. ड्वेक यांनाच 2015 मध्ये लिहावं लागलं की नुसत्या कष्टांचं कौतुक म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे. जमत नसेल तर पद्धत बदला, मदत मागा, हा त्यातला अर्धा भाग लोक विसरतात. आपल्याकडे हे एमपीएससीच्या अभ्यासिकांत दिसतं. सकाळी सात ते रात्री दहा, टेबलावर पाण्याची बाटली, चार रंगांचे हायलायटर, भिंतीला नकाशा. मुलं मरमर कष्ट करतात. निकाल लागतो, यादीत नाव नसतं, पुन्हा तेच पुस्तक पहिल्या पानापासून. ‘अजून एक अटेम्प्ट’. इथे स्पष्ट बोललं पाहिजे: जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतील तर मनोवृत्ती सुधारून जागा वाढत नाहीत. खो-खोच्या संघातही जागा मोजक्याच असतात. यादीत नाव नाही याचा अर्थ बुद्धी नाही असा होत नाही, तसाच आणखी पाच वर्षं द्यायला हवीत असाही होत नाही. गुण दरवर्षी कुठल्या विषयात किती सरकले, हे ज्याला कागदावर दाखवता येत नाही त्याने पुढचा अटेम्प्ट देण्याआधी पोटापाण्याची दुसरी सोय बघावी, असं माझं मत आहे. घरचं सोयाबीन किती वर्षं त्याची खोलीभाड्याची रक्कम भरणार?

आणि तेच पुस्तक पुन्हा वाचण्याविषयी. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच बैठक मारून वाचला आणि उरलेल्या तीन वेळा पुस्तक मिटून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. मजा म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. पुस्तक समोर उघडं असलं की सगळं येतंय असं वाटतं. मिटलं की काय येत नाही ते कळतं आणि ते कळणं सुखाचं नसतं, म्हणून मुलं पुस्तक मिटतच नाहीत. पण मैदानावर धावून न बघता साखळी येते असं म्हणणारी खेळाडू कुणी पाहिली आहे का?

‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य घेऊ. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला लिमिट शिकवतात. मुलगा किंमत घालतो, वर शून्य, खाली शून्य, आणि पेन थांबतं. पुढे उत्तरपत्रिकेत रिकामी जागा, निकालात एटीकेटी आणि मनात कायमचा निर्णय. त्याच्याशेजारी बसून तेच उदाहरण हळूहळू सोडवून घ्या. शून्य भागिले शून्य आलं तर वरच्या राशीचे अवयव पाडायचे, हे त्याला माहीत असतं. वहीत तसं लिहिलेलंही असतं. अडतं ते अवयव पाडण्यापाशी. मधल्या पदाचे दोन तुकडे असे करायचे की त्यांची बेरीज मधल्या संख्येइतकी यावी आणि गुणाकार टोकाच्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतका. ही आठवी-नववीची गोष्ट. त्या वर्षी गणिताचे सर बदलून गेले होते, नवे दिवाळीनंतर आले. किंवा घर ऊसतोडीला गेलं होतं, मुलगा फडावर होता. लिमिट त्याला कळलेलं आहे. कच्चं आहे ते एक प्रकरण, पंधरा दिवसांचं काम. पण ‘गणित’ नावाच्या अख्ख्या डोंगराला तो पाठ दाखवून बसला आहे.

इंग्रजीचंही तेच. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी इंग्रजी पुस्तकाच्या पानावर अडखळते आणि म्हणते, मला विषयच समजत नाही. त्या पानावर तिला न कळलेले शब्द अधोरेखित करायला सांगा. पहिल्या पानावर भरपूर निघतील, पण दहाव्या पानावर त्यातलेच पुन्हा पुन्हा येतात, कारण पाठ्यपुस्तकाची भाषा कादंबरीसारखी श्रीमंत नसते. मागच्या पानावर मराठी अर्थांची यादी करत गेली की एका सत्रात तो विषय तिच्या हाताशी येतो.

‘कच्चं’ या शब्दावरून तेरची गोष्ट निघाल्याशिवाय कशी राहील? तेर याच जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं. एके काळी तगर नावाने रोमपर्यंत ठाऊक असलेलं व्यापारी गाव आणि संत गोरा कुंभारांचं. कथा अशी सांगतात की गोरोबांकडे संतमंडळी जमली होती. मडकं भाजलं आहे की नाही हे पाहायचं थापटणं मुक्ताबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, आमच्यातलं कोण पक्कं, कोण कच्चं तेही बघा. गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटी मारली. नामदेवांवर आल्यावर निकाल दिला: हे मडकं कच्चं. नामदेव तोवर नावारूपाला आलेले, विठ्ठलाचे लाडके. आजच्या भाषेत, चौकात फ्लेक्स लागलेले. ते रागावले आणि थेट पंढरपुरी जाऊन विठ्ठलापुढे रडले.

ही कथा कीर्तनात अहंकाराची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दोन गोष्टी दिसतात. निकाल देणारा कुंभार होता. कच्चं मडकं फुटकं नसतं, भट्टीत जायचं राहिलेलं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? आणि विठ्ठलाने लाडक्याचे लाड केले नाहीत. ‘तू पक्काच आहेस रे’ असं म्हटलं नाही. पत्ता दिला: विसोबा खेचरांकडे जा. नामदेव गेले, शिष्य झाले. पुढे पंजाबात पोचले आणि त्यांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत.

तेव्हा कॉलेजातल्या मुलांनी विसोबा कुठं शोधायचा? वास्तव अवघड आहे. अनेक कॉलेजांत निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतात. सकाळी एका गावात दोन तास, दुपारी दुसऱ्या गावात, मध्ये मोटरसायकल. विद्यार्थ्याची शेवटची एसटी संध्याकाळी असते. दोघांची गाठ पडते ती बारा-साडेबाराला पार्किंगमध्ये, सर किल्ली लावत असताना. त्या पाच मिनिटांत ‘सर, गणित समजत नाही’ असं म्हटलं तर सर म्हणणार, ‘प्रॅक्टिस कर’, आणि गाडी सुरू करणार. त्यांचाही दोष नाही. पण वही उघडून, ‘सर, इथपर्यंत आलो, वर-खाली शून्य आलं, अवयव असे पाडले, मग हे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही’ असं म्हणणारा मुलगा आला की बहुतेक शिक्षक किल्ली काढून खिशात टाकतात. ‘दाखव,’ म्हणतात. वही गाडीच्या सीटवर ठेवली जाते, पेन मागितलं जातं, आणि तिसऱ्या ओळीतली उणे चिन्हाची चूक सापडायला दोन मिनिटंही लागत नाहीत.